शिकवू नका, ट्रेनिंग द्या

तुमच्या कारखान्यात अजून कुणी कुणाकडून काही शिकत असेल, तर ते आधी थांबवा. हा प्रकार बहुधा लाइनवरच चालतो. एखादा जुना सेटर नव्या पोराला जवळ बोलावतो, डाय (प्रेसमधला साचा) कशी बसवायची ते एकदा करून दाखवतो, मग त्याच्या हातून करून घेतो, चुकला की एक सणसणीत शिवी देतो आणि तासाभराने परत येऊन बघतो. याची नोंद कुठे? हजेरीपत्रक नाही, फोटो नाही, फीडबॅक फॉर्म नाही. उद्या ऑडिटर आला तर त्याला काय दाखवणार, पोरगं नीट काम करतंय हे? आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाला पुरावा लागतो, आणि आपल्याकडे पुरावा म्हणजे कागद.

तो सेटर जे करतो त्याला शास्त्र आहे, हे त्याला कळू देऊ नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं भरली, तेव्हा तिथल्या सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम काढला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून जाऊन बघा. खिशात मावेल अशा कार्डावर हे छापलेलं असे. युद्धानंतर ते जपानला गेलं, टोयोटाने उचललं आणि तिथून फिरत फिरत आपल्या एमआयडीसीत पॉवरपॉइंट होऊन आलं. आता कार्ड खिशात मावत नाही, पण प्रोजेक्टरवर छान दिसतं. चारपैकी ‘दाखवा’ एवढी एकच पायरी तुम्ही ठेवा. बाकीच्या तिन्हींना माणूस लागतो, आणि माणूस उत्पादनात अडकलेला असतो.

सुरुवात गरज शोधण्यापासून करायची. याला टीएनआय म्हणतात. फेब्रुवारीत सगळ्या खातेप्रमुखांना एक एक्सेल पाठवा. ते गेल्या वर्षीचीच एक्सेल परत पाठवतील, त्यामुळे तुमचं काम निम्मं होतं. कम्युनिकेशन, टाइम मॅनेजमेंट, लीडरशिप, एक्सेल (हे एक्सेलमध्येच लिहून येतं). एखादा मेंटेनन्सचा माणूस मात्र खरोखर लिहितो की, आमच्या चौघांना पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरचं) ट्रेनिंग द्या, नवी लाइन आली आहे आणि आम्हाला प्रोग्राम वाचता येत नाही. अशा माणसावर लक्ष ठेवा. पीएलसीच्या कोर्सला पैसे लागतात, वर चार माणसं आठवडाभर लाइनवरून उठतात. त्याऐवजी त्यांना ‘सकारात्मक विचारसरणी’ला बसवा. लाइन बंद पडली की तो सकारात्मक विचार करेल, आणि मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून वाळूजला पोचेपर्यंत करतच राहील.

आता ट्रेनर. इथे घाई नको, कारण वर्षभराची शोभा यावरच अवलंबून असते. शॉपफ्लोअरवर काम केलेला ट्रेनर घेऊ नका. तो प्रश्नांना उत्तरं देतो आणि वेळ जातो. कोट घालणारा, कॉलर माइक लावणारा आणि सकाळी नऊ वाजता ‘गुड मॉर्निंग’ला आवाज कमी आला म्हणून पुन्हा म्हणायला लावणारा पाहिजे. त्याच्याकडे दोन स्लाइड हव्यातच. पहिली: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, सुराचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून निघाले. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांचे फोटो यांवर होते; बोलणाऱ्याची भावना ओळखताना शब्द एक सांगत असेल आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तर ऐकणारा कशावर भरवसा ठेवतो, एवढाच त्यांचा विषय. सगळ्या बोलण्याला हे लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनी सांगितलेलं आहे. पण ट्रेनरला ते विचारू नका. खरोखरच ९३ टक्के अर्थ शब्दांबाहेर असता, तर त्याने दिवसभर तोंड बंद ठेवूनही ९३ टक्के ट्रेनिंग झालं असतं. कल्पना तशी वाईट नाही.

दुसरी स्लाइड त्रिकोणाची. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, आणि असं चढत चढत स्वतः केलेलं ९० टक्के. खाली एडगर डेल हे नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये ‘अनुभवांचा शंकू’ काढला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले. दहा, वीस, तीस इतके गोल आकडे मोजमापातून येत नाहीत, हे निदान क्वालिटीवाल्यांच्या तरी लक्षात यायला हवं. त्यांच्या तक्त्यात अशी रीडिंग आली तर ते आधी गेज तपासायला पाठवतात. ट्रेनिंग हॉलमध्ये ते शांत बसतात, कारण जेवण यायचं असतं. आणि स्वतः केल्यावर सगळ्यात जास्त लक्षात राहतं हे सांगणारी स्लाइड सात तास खुर्चीत बसवून दाखवण्यात जी मजा आहे, ती ज्याने पाहिली त्यालाच ठाऊक.

वेळेबद्दल नियम एकच: लाइन थांबता कामा नये. म्हणून रात्रपाळी सुटलेल्यांना सकाळी सातला बसवा. आठ तास प्रेसवर उभा राहिलेला माणूस ट्रेनिंगला उत्तम, तो वाद घालत नाही. त्याची मान पुढे झुकली तर ती संमती समजा. एसी थोडा वाढवा. हा वेळ कामाचा धरायचा का आणि दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यायचा का, असा प्रश्न युनियनचा कुणी काढेल. त्याला सांगा की हा कंपनीचा नव्हे, तुमच्या विकासाचा वेळ आहे. मॅनेजर लोकांचा विकास मात्र कामाच्या दिवशी, मुळशीच्या रिसॉर्टवर होतो. तिथे ते वर्तमानपत्राचा मनोरा बांधतात आणि डोळे मिटून मागे पडतात. मागचा सहकारी धरतो. सोमवारी ऑफिसात हाच सहकारी ईमेलच्या सीसीमध्ये थेट प्लांट हेडला टाकतो, पण तो पुढच्या वर्षीच्या ट्रेनिंगचा विषय आहे.

माणसं विसरतील अशी भीती बाळगू नका. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं. त्याने पाठांतरासाठी मुद्दाम अर्थहीन अक्षरं घेतली होती, त्यामुळे त्याचे निष्कर्ष आपल्या स्लाइडना जसेच्या तसे लागू पडतात. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, दिवस सोडून शिकवलं तर टिकतं, असंही त्याच्याच कामातून पुढे आलं. पण मग एका दिवसाच्या ट्रेनरला पाच वेळा बोलवावं लागेल आणि प्रत्येक वेळी जेवण द्यावं लागेल.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर फीडबॅक फॉर्मकडे वळू. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासण्याचे चार टप्पे मांडले: लोकांना ते आवडलं का, ते शिकले का, कामावर गेल्यावर वागण्यात फरक पडला का, आणि कंपनीच्या हाती काही लागलं का. तुम्ही पहिल्यावर थांबा. फॉर्म गुलाबजामनंतर वाटायचा, आधी नाही. ‘हॉलची व्यवस्था’ आणि ‘चहा-नाश्ता’ हे रकाने वर ठेवले की सरासरी आपोआप सुधारते. तिसऱ्या टप्प्यासाठी तीन महिन्यांनी सुपरवायझरकडून एक फॉर्म भरून घ्यायची पद्धत आहे. तो भरत नाही. तुम्हीच भरा आणि सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहा.

स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, ऑडिटच्या आदल्या रात्री भरायची असते. प्रत्येक नावापुढे चार भागांचा गोल. चारही भाग काळे म्हणजे हा माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. सगळ्यांचे चारही काळे करू नका, संशय येतो. दोघा-तिघांचा एक भाग कोरा ठेवा आणि त्यांची नावं पुढच्या प्लॅनमध्ये टाका. ऑडिटरला त्यात ‘सतत सुधारणा’ दिसते आणि तो खुशीत चहा मागवतो. वर सांगितलेला तो जुना सेटर या तक्त्यात दोनच भाग काळे घेऊन बसलेला असेल, कारण त्याने एकाही ट्रेनिंगला सही केलेली नाही. असू द्या.

ऑनलाइन मॉड्यूलची सोय आल्यापासून तर तुमचं काम फारच हलकं झालं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाला ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायला सांगतो. बायकांनी बोलायचं कुणाशी, तक्रार समितीत कोण आहे, तक्रार दिल्यावर पुढे काय होतं, हे समोर बसून सांगायचं म्हणजे कुणीतरी प्रश्न विचारणार. त्यापेक्षा लिंक पाठवा. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. ज्यांच्याकडे कंपनीचा ईमेल नाही, त्यांची लिंक तुमच्या खात्यातलं एखादं पोरगं दुपारी बसून उरकून टाकेल. समितीच्या बाहेरच्या सदस्याचं नाव प्लांटमध्ये एकालाही ठाऊक नसतं, आणि कंप्लायन्स १०० टक्के भरतो.

काही माणसं मात्र कायमची ट्रेनिंगमध्येच ठेवायची असतात. त्यांना ट्रेनी म्हणतात. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं असतील तिथे एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. घ्या, आणि आनंदाने घ्या. २०१३ मध्ये एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘नीम’ योजना आली तेव्हा तर चाकणपासून वाळूजपर्यंत शिक्षणाची गंगाच अवतरली. शिकणारा तीन महिने ते तीन वर्षं शिकू शकत होता, आणि तो कामगार मानला जात नव्हता. पहिल्या दिवशी दहा वाजता इंडक्शन, अकरा वाजता लाइन, आणि पुढची तीन वर्षं तोच एक बोल्ट. परिषदेनेच पुढे ती योजना गुंडाळली, पण कौशल्याची तळमळ अशी थोडीच विझते? नवं नाव घेऊन एजन्सी गेटवर उभीच असते.

इंजिनिअर पोरांचं वेगळं. ते शिकून पळतात. त्यांच्याकडून बाँड लिहून घ्या आणि मूळ मार्कशीट कपाटात ठेवा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती, भरतीवर तिचा खर्च झाला होता, रक्कम वाजवी होती, वगैरे तपशील निकालात आहेत. ते पोरांना वाचून दाखवायची गरज नाही. तुम्ही दिलेलं ट्रेनिंग दोन लाखांचं होतं का, असं एखादा विचारेल. त्याला गुलाबजामची आठवण करून द्या.

राहिली सेफ्टी. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम १११-अ घातलं गेलं. सुरक्षेची माहिती मिळणं आणि त्याचं ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क आहे, असं त्यात लिहिलं. आपण तो हक्क वीस मिनिटांत देतो: गेटजवळच्या खोलीत, बीडच्या, हिंगोलीच्या, बिहारच्या आणि ओडिशाच्या पोरांना एकत्र बसवून, इंग्रजी फिल्म लावून. शेवटी सही. नाव लिहिता येत नसेल तर अंगठा. ही सही सांभाळून ठेवा. ट्रेनिंग खात्याने वर्षभरात कमावलेली खरी मालमत्ता तीच.

कारण पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायमध्ये राहात नाहीत. पण तासाचं टार्गेट एका हातानेच पुरं होतं, म्हणून कुणीतरी एक बटण दाबून ठेवायची सोय करून देतं किंवा सेन्सर बायपास करतं. ‘कुणीतरी’ कोण, हे पोराला पहिल्या आठवड्यातच कळतं. त्या आठवड्यातलं हे एकमेव ट्रेनिंग, जे करून दाखवून, करून घेऊन आणि परत येऊन तपासून दिलं जातं.

मग एक दिवस दोन बोटं जातात. घाबरू नका. ॲम्ब्युलन्स सेफ्टी ऑफिसर बघेल, तुम्ही फाइल काढा. सही आहे? मग तुम्ही सुटलात. त्यानंतर व्हाय-व्हाय ॲनॅलिसिस करायचं. हात आत का होता? पार्ट अडकला म्हणून. पार्ट का अडकला? डाय झिजली म्हणून. इथेच वळायचं, कारण पुढचा ‘का’ डाय न बदलणाऱ्याच्या केबिनमध्ये जातो. शेवटच्या रकान्यात लिहा: ऑपरेटरने सूचना पाळली नाही. उपाययोजना: री-ट्रेनिंग.

ज्याला री-ट्रेनिंग द्यायचं तो ईएसआयच्या हॉस्पिटलात असतो, तेव्हा त्याच्या जागी उभ्या केलेल्या पोराची सही घ्या. मशीन सुरू होऊन दोन पाळ्या झाल्या असतील, तर तारीख आधीची टाका.