दाखवायचं ऊन

नागपूरच्या माणसाला उन्हाबद्दल कुणी काही शिकवू नये. मे महिन्यात 45 अंशांत तोंडाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून आम्ही स्कूटर हाणली आहे. ऊन म्हणजे ताप, ही आमची बालवाडीतली अक्कल. कॅनडातल्या विनिपेगच्या जानेवारीनं ती पार मातीत घातली.

इथं आभाळ जितकं निळं, तितकी थंडी जहाल. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. ती निघाली की रात्रीतून सगळी ऊब वर निघून जाते. त्यामुळे सकाळी पडदा सारला आणि डोळे दिपवणारं ऊन दिसलं, की समजायचं, आज मेलो. उलट मळभ दाटलं की शेजारचे आजोबा जॅकेटची चेन उघडी टाकून खुशीत फिरतात. आज हवा छान आहे म्हणे. छान म्हणजे उणे 12.

हे आईला कसं पटावं? व्हिडिओ कॉलवर तिला माझ्यामागची खिडकी दिसते ना.

"एवढं लख्ख ऊन पडलंय अन् तू घरात काय बसलास? जरा बाल्कनीत बस."

"आई, बाहेर उणे 32 आहे."

"ते सावलीत असेल. उन्हात कसं असेल?"

वेधशाळा तापमान सावलीतच मोजते, म्हणजे तिचा मुद्दा बिनतोड आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

दार उघडून पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक होऊन टोचायला लागतात. गाडीच्या तोंडातून प्लगची वायर लोंबत असते. रात्री ती सॉकेटला लावून इंजिन गरम ठेवलं नाही, तर सकाळी गाडी नुसती कण्हते. वाऱ्यासकट गारठा उणे 40 च्या पुढे गेला की उघडी कातडी किती वेळात गोठेल, तेही हवामान खातं सांगतं : 5 ते 10 मिनिटं. तेवढ्यात आमच्या चौकात तर्री-पोह्यांची प्लेटसुद्धा हातात पडत नाही.

परवा नागपुरात पारा 10 वर उतरला. आईचा फोन. कानटोपी, स्वेटर, वरून शाल.

"काय मरणाची थंडी आहे रे इकडे! तुला नाही कळायचं. तुमच्याकडे निदान ऊन तरी आहे."