मुलांना पारखीपासून कसे वाचवावे

शिक्षकहो, इंटरनेटवरील माहितीची विश्वासार्हता पारखायला नववी-दहावीच्या मुलांना शिकवण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर धास्तावण्याचे कारण नाही. हा विषय असा शिकवता येतो, की तासिका पार पडते, वह्या तपासून होतात आणि मुलांच्या भाबडेपणाला ओरखडाही उमटत नाही.

सर्वप्रथम फळ्यावर एक तपासणी-यादी लिहावी. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून २००४ साली अशी एक यादी पुढे आली. ताजेपणा, प्रस्तुतता, अधिकार, अचूकता आणि हेतू हे तिचे पाच निकष. निकष वाईट नाहीत, परंतु त्यांची उत्तरे त्याच संकेतस्थळावर शोधायला लावली की काळजी मिटते. संस्था निःपक्षपाती आहे का, हे तिच्याच ‘आमच्याविषयी’ या पानावर वाचावे. आरोपीनेच स्वतःच्या चारित्र्याचा दाखला द्यावा, यापेक्षा सोयीचा न्याय कोणता? शुद्धलेखनाच्या चुका मात्र मोजायला लावाव्यात, कारण लबाड माणसाला व्याकरण येत नाही, हे गृहीतक भाषाशिक्षकांना विशेष प्रिय असते.

पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ असेल तर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हा नियम पाठच करून घ्यावा. ते नाव शुल्क भरून कोणालाही घेता येते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे असे एक संकेतस्थळ कित्येक वर्षे ‘स्टॉर्मफ्रंट’ या गौरवर्णीय वर्चस्ववाद्यांच्या हाती होते, असला तपशील अभ्यासक्रमाबाहेरचा समजावा.

मुलांना पान सोडून जाऊ न देणे, हे सर्वांत महत्त्वाचे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या अमेरिकी संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस, दहा पीएच. डी.धारक इतिहासकार आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. तपासनीस पानावर रेंगाळलेच नाहीत. नवी टॅब उघडून त्या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते त्यांनी पाहिले आणि कमी वेळात अधिक खात्रीशीर निष्कर्ष काढला. इतिहासकार आणि विद्यार्थी मात्र बऱ्याचदा त्याच पानावर खिळून राहिले आणि भारदस्त नावांना व बोधचिन्हांना भुलले. आपल्या वर्गाने कोणाचा कित्ता गिरवायचा हे उघड आहे: एका जागी बसून मन लावून वाचणे हाच सद्गुण, आणि टॅब बदलणे ही चंचलता.

उदाहरणे निवडताना खोटेपणा विनोदी असेल याची दक्षता घ्यावी. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचे १९९८ सालचे बनावट संकेतस्थळ यासाठी उत्तम. मुले पोटभर हसतात आणि खोटी गोष्ट पाहताक्षणी ओळखू येते, अशी त्यांची पक्की समजूत होते. निवडणुकीतील गैरप्रकाराची अस्पष्ट चित्रफीत चुकूनही दाखवू नये. स्टॅनफर्डच्याच एका गटाने २०१९ साली जाहीर केलेल्या पाहणीत ३,४४६ शालेय विद्यार्थ्यांपुढे अशी चित्रफीत ठेवली होती. अमेरिकेतील मतदान-घोटाळ्याचा तो सबळ पुरावा असल्याचे ५२ टक्के मुलांना वाटले. चित्रण रशियातले होते, हे सांगणारा मूळ स्रोत तिघांनी शोधून काढला. त्या तिघांना कोणी शिकवले, याची चौकशी व्हायला हवी होती.

विकिपीडियाचे नाव निघताच कपाळाला आठी घालावी, म्हणजे लेखाखालच्या संदर्भांपर्यंत कोणी पोहोचणार नाही. एवढे करूनही एखाद्याला शंका येऊ लागल्या, तर ‘इंटरनेटवरचे सगळेच खोटे असते’ असे ठणकावून सांगावे. सगळेच खोटे ठरले की निवडण्याचा त्रास उरत नाही आणि मूल आवडेल त्यावर विश्वास ठेवायला मोकळे होते.

परीक्षेत ‘विश्वसनीय स्रोताची पाच वैशिष्ट्ये लिहा’ हा प्रश्न पुरे. प्रकल्पाखाली ‘स्रोत: गूगल’ असे लिहिलेले आढळल्यास पूर्ण गुण द्यावेत. वर्गाच्या गटावर आपण स्वतः पाठवलेल्या आरोग्यविषयक संदेशाचा उगम शोधून तो खोटा असल्याचे एखाद्या विद्यार्थिनीने पुराव्यानिशी दाखवून दिले, तर तिच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तन’ या रकान्यापुढे ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मारायला विसरू नये.