पर्यायी क्लायंटचे वापरकर्ते

आमच्या प्रकल्पाचा सगळा डेटा आयरॉड्स या प्रणालीत ठेवलेला असतो. तिथून लहान फाइली निमूटपणे उतरतात, मात्र मोठी फाइल मागितली की प्रगतीची पट्टी शून्यावर ठाण मांडून बसते. एवढ्याशा कारणासाठी मी साहाय्य कक्षाला फोन केला आणि तिथे झालेल्या संभाषणाचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

तक्रार ऐकून घेण्याआधीच पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, ‘‘आपण कोणता क्लायंट वापरता, सर?’’ क्लायंट म्हणजे फाइली चढवण्या-उतरवण्यासाठी आपण वापरतो ते सॉफ्टवेअर.

‘‘सायबरडक.’’

‘‘म्हणजे ते पिवळे बदक?’’ त्यांच्या स्वरात असे काही होते की संशोधकाने पिवळ्या बदकाच्या चित्रावर माउस टिचकवणे हे मला स्वतःलाच क्षणभर अशोभनीय वाटले. ‘‘तो पर्यायी क्लायंट आहे, सर.’’

‘‘पण तुमच्याच मार्गदर्शिकेत त्याचे नाव दिलेले आहे.’’

‘‘दिलेले आहे ना, पर्यायी क्लायंटच्या प्रकरणात.’’

‘‘मग अधिकृत कोणता?’’

‘‘वेब पोर्टल.’’

‘‘पोर्टलवर तर अशी सूचना आहे की मोठ्या फाइलींसाठी पर्यायी क्लायंट वापरावा.’’

‘‘अगदी योग्य सूचना आहे, सर.’’

‘‘मी ती पाळली.’’

‘‘म्हणूनच आम्ही मदत करू शकत नाही. पर्यायी क्लायंट आमच्या कक्षेत येत नाहीत.’’

‘‘मग मोठी फाइल उतरवायची कशाने?’’

‘‘पर्यायी क्लायंटने,’’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उपरोधाचा लवलेशही नव्हता, आणि माझी खरी अडचण तिथेच झाली, कारण थट्टा करणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येते. पुढे त्यांनी आवाज थोडा खाली आणून, आपण होऊन, एक सल्लाही दिला: ‘‘बदक राहू द्या, दुसरे काहीतरी वापरून पाहा. फक्त मी सुचवले असे तक्रारीत लिहू नका, कारण दुसरे जे काही आहे तेही पर्यायीच आहे.’’

दुसऱ्यात पहिली येते आज्ञावली, म्हणजे आयकमांड्स. यातील प्रत्येक आज्ञेच्या डोक्यावर आय हे अक्षर बसवलेले आहे: फाइल चढवायला आयपुट, उतरवायला आयगेट, यादी पाहायला आयएलएस. काळ्या पडद्यावर या आज्ञा लिहिणारे आमचे एक सहकारी बदकवाल्यांना मनोमन निरक्षर समजतात. त्यांनी मोठ्या थाटात माझीच फाइल आयगेटने मागवली आणि तीही त्याच जागी थबकली. त्यानंतर त्यांना एका तातडीच्या कामाची आठवण झाली. उरला वेबडॅव्हने, म्हणजे वेबवरून फाइली हाताळण्याच्या एका पद्धतीने, जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह. तो सर्वांत सभ्य दिसतो, परंतु विंडोजवर अशा ड्राइव्हवरून उतरणाऱ्या फाइलीला मुळात ५ कोटी बाइटांची मर्यादा असते. ही मर्यादा वाढवता येते, मात्र त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, हात घालावा लागतो, आणि तो घालण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो.

वास्तविक खरे कारण आयरॉड्स चालवणाऱ्या कोणालाही ठाऊक असायला हवे. क्लायंट आणि सर्व्हर यांचे आपसातले बोलणे आणि लहान फाइली १२४७ या एकाच पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या एकाच क्रमांकाच्या दारातून, जातात. फाइल ३२ एमबीच्या पुढे गेली की ती सहसा तुकड्यातुकड्यांनी समांतर पाठवली जाते आणि त्यासाठी सर्व्हर २०००० ते २०१९९ या पट्ट्यातील पोर्ट वापरतो. ही दारे राखणाऱ्या फायरवॉलवाल्यांनी फक्त १२४७ उघडा ठेवला असेल, तर लॉगिन होते, यादी दिसते, लहान फाइल येते आणि मोठी अडकते. यात बदकाचा दोष नाही, आयगेटचाही नाही. आणि ‘कोणता क्लायंट’ याऐवजी ‘किती मोठी फाइल’ असे विचारले असते, तर माझी एक सबंध दुपार वाचली असती.

राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. मोठी फाइल मला मिळत नसली, तरी तिच्याविषयी स्मरणपत्रे मात्र नियमितपणे मिळतात, कारण तिला मेटाडेटा, म्हणजे फाइलीविषयीची माहिती, जोडलेला नाही. आयरॉड्समध्ये मेटाडेटा म्हणजे गुणधर्म, मूल्य आणि एकक असे त्रिकूट असते. कल्पना खरोखर सुरेख आहे. वर्षांनंतर एखादी फाइल नावाने न आठवता तिच्यातील मोजमापावरून शोधता येते. परंतु ज्या नेटवर्क ड्राइव्हची आमच्याकडे ‘सर्वांत सोपा मार्ग’ म्हणून जाहिरात होते, त्याच्या खिडकीत हे त्रिकूट लिहायला जागाच नाही. ते लिहायचे तर आयमेटा ही आज्ञा शिकावी लागते, आणि ती शिकवण्याचे वर्ग होत नाहीत, कारण आज्ञावली हाही पर्यायी क्लायंट आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फेअर तत्त्वांनुसार डेटा शोधता येण्याजोगा आणि मिळवता येण्याजोगा असावा. आमचा डेटा शोधताक्षणी सापडतो. यादीत तो रोज दिसतो.

शेवटी पोर्ट उघडून घ्यावेत म्हणून नेटवर्क विभागाचा अर्ज भरायला घेतला. त्यात ‘अधिकृत क्लायंटचे नाव’ हा रकाना अनिवार्य असून निवडीसाठी वेब पोर्टल हे एकच नाव आहे. मी ते निवडले आणि शेऱ्याच्या चौकटीत बदक, आयगेट, ३२ एमबी असे सगळे सविस्तर लिहिले. अर्ज त्याच संध्याकाळी परत आला. वेब पोर्टलला या पोर्टांची आवश्यकता नाही, असे कारण त्यावर दिलेले आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बिनचूक आहे.