भांडं किलोवर विकायचं असेल, तर फ्रँकफुर्टचा स्टॉल घेऊ नका

आपल्या भांड्याच्या दुकानात स्टीलचं पातेलं पसंत पडलं की दुकानदार ते काट्यावर ठेवतो. तांब्या-पितळेचं तर ठेवतोच. वजन, त्याला भाव, वर घडणावळ, संपला व्यवहार. गिऱ्हाइकालाही त्यात काही वावगं वाटत नाही, उलट वजनावर घेतलं म्हणजे फसगत नाही असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. मला आज या पद्धतीविरुद्ध बोलायचं आहे. कारण दरवर्षी या सुमारास मला फोन यायला लागतात की फेब्रुवारीत अँबिएंटेला स्टॉल घ्यावा का. विचारणारे आपलेच लोक असतात. पुण्याच्या कसबा पेठेतले, भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यांतले, क्वचित भंडाऱ्याचे.

माझं उत्तर असं आहे की जरूर जा, पण किलोचा हिशेब डोक्यातून काढल्याशिवाय आणि आपला घाट, म्हणजे भांड्याचं डिझाइन, नोंदवल्याशिवाय जाऊ नका.

ज्यांना अँबिएंटे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये थंडी सरता सरता भरणारं हे घर आणि स्वयंपाकघराच्या वस्तूंचं व्यापारी प्रदर्शन. त्या शहराची जत्रेची परंपरा इतकी जुनी आहे की १२४० साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षणाची सनद दिली होती. १३३० मध्ये वसंतातल्या दुसऱ्या जत्रेलाही परवानगी मिळाली. आजचं अँबिएंटे त्याच वसंत जत्रेच्या वंशातलं. २०२३ पासून नाताळच्या सजावटीचं आणि हस्तकलेच्या साहित्याचं प्रदर्शनही त्याच आवारात, त्याच दिवसांत भरतं. तिन्ही मिळून चार-साडेचार हजारांवर प्रदर्शक आणि दीड लाखाच्या आसपास लोक. हे सगळे व्यापारी. तिथे किरकोळ विक्री होत नाही. तुमच्यासमोर उभा असलेला माणूस एक कढई घ्यायला आलेला नसतो, त्याच्या साखळीतल्या सगळ्या दुकानांची पुढच्या मोसमाची मांडणी ठरवायला आलेला असतो.

भारताचे प्रदर्शक तिथे मोठ्या संख्येने असतात. २०१९ मध्ये भारत या प्रदर्शनाचा भागीदार देशही होता. पण आपले बरेचसे स्टॉल मुरादाबादच्या पितळेचे, सहारनपूरच्या लाकडाचे, जोधपूरच्या फर्निचरचे. महाराष्ट्रातून धातूची भांडी घेऊन जाणारे मोजकेच, आणि त्यातले अनेक जण दुसऱ्या वर्षी येत नाहीत. का येत नाहीत याचं उत्तर मला त्यांच्या दरपत्रकात दिसतं.

बायर येतो, वस्तू हातात घेतो, उलटी करतो, कडा बोटाने तपासतो आणि नगाची किंमत विचारतो. जहाजावर चढवून काय पडेल, किमान किती नग घ्यावे लागतील, किती आठवड्यांत द्याल. आपला माणूस मनात वजन काढतो, आजचा तांब्याचा भाव लावतो, वर मजुरी आणि दहा-बारा टक्के. सांगतो. पलीकडच्या हॉलमधला माणूस तीच वस्तू पातळ पत्र्यात करून कमी सांगतो. मग आपणही पत्र्याचं गेज कमी करायला तयार होतो. त्या क्षणी आपण भांडं विकणं सोडून पत्रा विकायला लागलेलो असतो. आणि पत्रा विकण्याच्या शर्यतीत चीनच्या मोठ्या कारखान्यापुढे आपला टिकाव लागणार नाही, हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

किलोच्या भावात एक फार मोठा अन्याय दडलेला आहे आणि तो आपल्या तांबट लोकांवर सर्वांत जास्त होतो. तांबट आळीत तांब्यावर मठार मारतात ते तुम्ही पाहिलं असेल. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने, एकाला लागून एक, ओळीने मारलेले ठोके. लोकांना ती नक्षी वाटते. ती नक्षी आहेच, पण त्या ठोक्यांनी तांबं कडक होतं. नुसता पत्रा वाकवून केलेला हंडा थोड्या धक्क्यानेही चेपतो, मठारलेला तेवढ्याच जाडीचा हंडा आकार धरून ठेवतो. म्हणजे चांगला कारागीर कमी धातूत जास्त मजबूत भांडं करतो. हे कौशल्य. आणि किलोच्या भावात याच कौशल्याची शिक्षा होते. धातू वाचवला म्हणून वजन कमी भरलं, वजन कमी भरलं म्हणून पैसे कमी आले. ज्याने जाड पत्रा ढोबळपणे वाकवला त्याला जास्त मिळाले. जो हिशेब कौशल्याला तोट्यात घालतो तो हिशेब चुकीचा आहे, मग तो कितीही पिढ्या चालत आलेला असो.

आता दुसरी गोष्ट, नकलेची. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण यात आपल्या लोकांचं खरं नुकसान होतं.

१९७७ साली याच फ्रँकफुर्टच्या वसंत जत्रेत रिडो बुसे हे जर्मन डिझायनर फिरत होते. त्यांनी १९६५ मध्ये एका जर्मन कंपनीसाठी एक छोटा वजनकाटा घडवला होता. हाँगकाँगच्या एका प्रदर्शकाच्या स्टॉलवर त्यांना त्याची हुबेहूब नक्कल मांडलेली दिसली, मूळ किमतीच्या कितीतरी कमी दरात. त्यांनी त्यावर एक पुरस्कार सुरू केला: प्लागियारिउस. पुरस्कार म्हणजे बागेत ठेवतात तसला बुटक्याचा पुतळा, काळा रंगवलेला, नाक मात्र सोनेरी. दुसऱ्याच्या कल्पनेवर कमावलेल्या पैशाचं ते सोनेरी नाक. तेव्हापासून दरवर्षी नक्कल करणाऱ्यांची नावं जाहीर होतात, अनेक वर्षं हा कार्यक्रम अँबिएंटेतच व्हायचा. आणि ती नावं फक्त आशियातली नसतात, खुद्द जर्मन आणि इतर युरोपीय कंपन्याही त्यात आलेल्या आहेत. झोलिंगन या चाकू-सुऱ्यांच्या गावात या पुरस्काराचं संग्रहालय आहे. तिथे मूळ वस्तू आणि तिची नक्कल शेजारी-शेजारी ठेवलेली असते.

फ्रँकफुर्टमध्ये नकलेकडे काणाडोळा होत नाही. प्रदर्शन चालू असताना न्यायालयाचा मनाई हुकूम स्टॉलवर बजावला जातो, सीमाशुल्क अधिकारी येऊन माल उचलतात. २००६ पासून आयोजकांनी नकलेविरुद्ध स्वतंत्र मोहीम चालवली आहे आणि आवारातच सल्ला मिळतो. म्हणून 'बायरने फोटो दाखवला, आम्ही तसंच करून आणलं' असं म्हणत तिथे जाणाऱ्यांनी आधी शंभरदा विचार करावा. बायर सॅम्पल दुसऱ्याचं देतो आणि विचारतो, हे कितीत कराल? जोखीम मात्र स्टॉलवर ज्याचं नाव लावलेलं आहे त्याची.

पण मला जास्त जळतं ते उलट्या बाजूचं. माझ्या ओळखीच्या एका कारागीर कुटुंबाने पाण्यासाठी तांब्याचा एक जग घडवला. मान अशी वळवलेली की ओतताना थेंब बाहेरून ओघळत नाही. त्यासाठी घरातल्या दोन पिढ्या बसून किती सॅम्पलं मोडली असतील ते मी पाहिलेलं आहे. देशातल्याच एका व्यापारी प्रदर्शनात त्यांनी तो मांडला. लोकांनी फोटो काढले, व्हिजिटिंग कार्डं दिली, ऑर्डर कुणीच दिली नाही. पुढच्या मोसमात तोच जग, तीच मान, एका मोठ्या निर्यातदाराच्या कॅटलॉगात. यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. वकील म्हणाला, आता उशीर झाला.

खरोखरच उशीर झालेला असतो, आणि हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदणीसाठी घाट नवा असावा लागतो. भारतात किंवा जगात कुठेही तो आधी लोकांसमोर आलेला नसावा. म्हणजे इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदारांना पाठवलेला कॅटलॉग, प्रदर्शनात मांडलेला नमुना, यातलं काहीही नंतर तुमच्याच अर्जाच्या आड येऊ शकतं. कलम २१ मध्ये प्रदर्शनांसाठी सवलत आहे, पण ती सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, तीही मांडण्याआधी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकाला कळवलं असेल आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर. तिच्या भरवशावर राहू नका.

'पण माझा कॉपीराइट आहे ना?' असं मला बरेच जण विचारतात. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ वाचा. नोंदवता येण्याजोगं डिझाइन तुम्ही नोंदवलं नाही आणि त्याबरहुकूम औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त नग निघाले, की तो हक्क संपला. पन्नास नग म्हणजे एका साध्या ऑर्डरचा माल.

नोंदणी केली तर दहा वर्षं संरक्षण, अर्ज केल्यास आणखी पाच. कारागीर किंवा लघुउद्योगाला अर्जाचं शुल्क हजार रुपये. दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या स्टॉलवर जो खर्च होतो त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत युरोपात अर्ज केला तर भारताचीच तारीख तिथे धरली जाते. युरोपात तर पहिल्यांदा तिथेच दाखवलेल्या नव्या डिझाइनला नोंदणीशिवायही तीन वर्षं नकलेपासून संरक्षण मिळतं. आधी इथल्या प्रदर्शनात मांडून मग फ्रँकफुर्टला नेलं, तर ते मिळेलच असं नाही. आधी काय, कुठे मांडायचं हा क्रमसुद्धा पैशाचा प्रश्न आहे.

आपल्या कायद्यावरही माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. नोंदवलेल्या डिझाइनची चोरी झाली तर कलम २२ प्रमाणे मागता येणारी ठरीव रक्कम एका वेळेला जास्तीत जास्त पंचवीस हजार, आणि एका डिझाइनपोटी एकूण पन्नास हजार. त्याहून जास्त हवं असेल तर नुकसानभरपाईचा दावा लावा, वर्षं घाला. कंटेनर भरून नक्कल पाठवणाऱ्याला पन्नास हजारांची काय भीती? नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाधला डिझाइन कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात लोकांसमोर आल्यानंतरही बारा महिन्यांपर्यंत अर्ज करण्याची मुभा आहे. भारताने त्या परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर सही केली आहे. ती मुभा आपल्या कायद्यात आली पाहिजे आणि दंडाची रक्कम निदान नकलेच्या नफ्याशी जोडली पाहिजे. प्रदर्शनांना जाण्यासाठी विमानभाड्याला आणि स्टॉलला सरकारी मदत मिळते, ते चांगलंच आहे. पण घाट न नोंदवता पाठवलेला कारागीर म्हणजे कुंपणाशिवायची पेरणी.

पारंपरिक तांब्या, घंगाळ, बंब यांचा घाट कुणालाच आपल्या नावावर करता येणार नाही, आणि येऊही नये. तो सगळ्यांचा आहे. पण त्याच्यावर तुम्ही बसवलेली नवी मूठ, नवं झाकण, एकावर एक बसणाऱ्या डब्यांची नवी रचना, हे तुमचं असू शकतं.

अन्नाला लागणाऱ्या भांड्यांबद्दल एकच सांगते. युरोपात पेला आणि काट्याची खूण असलेला माल म्हणजे अन्नासाठी सुरक्षित असल्याचा दावा, आणि तो चाचणीने सिद्ध करावा लागतो. कथिलाची कल्हई असो वा पितळेतलं शिसं, प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसेल तर भांडं शोभेची वस्तू म्हणूनच विकलं जाईल, निम्म्या किमतीत. प्रवासाला निघायच्या आधी तो अहवाल करून घ्या.

आता कामाचं. अर्ज कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयाकडे जातो, ऑनलाइन करता येतो. फॉर्म १, घरगुती वस्तूंचा वर्ग ०७, आणि भांड्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले स्वच्छ फोटो: समोरून, मागून, दोन्ही कुशींनी, वरून, खालून. पार्श्वभूमी कोरी ठेवा. नवेपणा कशात आहे ते दोन ओळींत लिहावं लागतं, आणि तिथेच बहुतेक जण अडखळतात. 'आकर्षक डिझाइन' असं लिहू नका. मान कुठे वळते, मूठ कुठे जोडलेली आहे, ते लिहा. पुढच्या फेब्रुवारीला ज्यांना जायचं आहे त्यांनी हे आधी करावं, तोवर एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नये, घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही. तांबट, कासार किंवा छोट्या कारखान्यातल्या कुणालाही त्या दोन ओळी लिहायला मदत लागली तर मला मेसेज करा. मी बसून लिहून देईन, पैसे घेणार नाही. आणि दरपत्रक दाखवायला आणाल तेव्हा त्यात किलोचा रकाना नसू दे.