'खेड्यातला जुगाड' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. रेडिएटर फॅनच्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात लिहू नका असं बायको म्हणाली, म्हणून दोन दिवस थांबलो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या 1998 च्या मारुती 800 चा रेडिएटर फॅन, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारा पंखा, बंद पडला, तेव्हा मी घरी मोटर खोलून कार्बन ब्रश बदलले, त्याची हकीगत मी लिहिली होती. आपलं म्हणणं असं की मोटर उघडायचीच नाही, पूर्ण असेंब्ली, म्हणजे मोटर आणि पंख्याचा सगळा संच, नवी बसवायची. ब्रश नवे घातले तरी आतले बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या, झिजलेलेच राहतात. काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवायला मी सांगितलं नाही. आणि शेवटचं वाक्य: "हा खेड्यातला जुगाड आहे, असले लेख लिहून लोकांना रस्त्यात अडकवू नका."

बॅटरीचं मान्य. निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा, हे लिहायचं राहून गेलं होतं. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही इंजिन तापलेलं असलं की फॅन अचानक फिरायला लागतो आणि बोटं जाऊ शकतात. लेखात ती ओळ आता सगळ्यात वर टाकली आहे.

आता जुगाड. हा शब्द आपण सहज लिहून गेलात, पण जुगाड काय असतो ते मी इथे रोज बघतो. थर्मोस्विच, म्हणजे इंजिन तापलं की फॅन सुरू करणारा स्विच, गेला की फॅनची वायर सरळ इग्निशनला जोडायची आणि "डायरेक्ट करून दिला" म्हणत गाडी परत द्यायची, हा जुगाड. मग चावी फिरवली की फॅन सुरू, इंजिन थंड असो की गरम, आणि मोटर विनाकारण झिजत राहते. उन्हाळा लागला की इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हच काढून फेकायचा, हाही जुगाड. पुढे थंडीत इंजिन तापता तापत नाही आणि पेट्रोल पीत राहतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार घालणं याला तर मी जुगाडही म्हणणार नाही, ती आग लावायची तयारी आहे. या तिन्ही गोष्टी करू नका, असं मी त्याच लेखात लिहिलं आहे. आपण तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

ब्रश बदलणं या रांगेत कसं बसतं, ते मला सांगा. कार्बनचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. मागून स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, दाबून धरते, आणि त्यातून वीज आत जाते. तांब्याचा कम्युटेटर झिजू नये म्हणून ब्रश मुद्दाम मऊ ठेवतात. म्हणजे तो झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे. आखूड झाला की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि मोटर थांबते. अशा मोटरवर पान्ह्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारली की बऱ्याचदा ती क्षणभर फिरते, तीच ब्रश संपल्याची खूण. ब्रेकचे लायनर बदलले तर आपण त्याला जुगाड म्हणता का? स्पार्क प्लग बदलला तर?

आणि "खेड्यातला" कशासाठी? माझ्या वडिलांचं रावेर तालुक्यात वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. केळीच्या बागांचा तालुका. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला आणि विहिरीवरची मोटर जळाली, तर शेतकरी ती बैलगाडीत घालून रात्री अकरालाही दारात उभा राहायचा. सकाळपर्यंत मोटर द्यावी लागे, कारण केळी वाट बघत नाही. सबमर्सिबलला ब्रश नसतात हे मला आपल्याकडून शिकायचं नाही. पण दुकानात ट्रॅक्टरचे डायनामो आणि स्टार्टरही येत, आणि त्यांचे ब्रश बसवायचं काम बाराव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. कम्युटेटरभोवती बारीक काचपेपर गुंडाळायचा, खरखरीत बाजू वर. त्यावर ब्रश मागेपुढे घासत त्याच्या टोकाला बरोबर तेवढीच गोलाई आणायची. एमरी पेपर हातात घेतला की वडील ओरडत, कारण त्याचा चुरा पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसून शॉर्ट करतो. मग जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने एकेक फट साफ. हे एवढं करूनही ब्रशचा पूर्ण माथा तांब्याला टेकला नसेल, तर ते मोटर परत माझ्यासमोर ठेवत. याला तुम्ही जुगाड म्हणता.

"लोकांना रस्त्यात अडकवू नका" म्हणता, तर कोण कसं अडकलं तेही ऐका. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने मला हेच सांगितलं होतं: मोटर उघडत नसतात, असेंब्ली बदला. बदलली. दुसऱ्या उन्हाळ्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना ती बंद पडली. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने समोरून वारा मिळतो, तिथे फॅन नसला तरी बहुधा चालून जातं. घाटात दुसऱ्या गिअरवर तो वारा नसतो, तापमानाचा काटा भराभर वर जातो. आई मागच्या सीटवर होती. वळणावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, आणि रेडिएटरच्या कॅपला हात न लावता पाऊण तास उन्हात उभे राहिलो. घरी आणून बघितलं तर मोटरचं आवरण चारी बाजूंनी दाबून बंद केलेलं, खोलायची सोयच नाही. मग फळीवर ठेवलेली मूळची मोटर काढली, ब्रश घातले आणि तीच आज गाडीत आहे. त्यानंतर भर मे महिन्यात मी दोनदा तोच घाट चढलो.

बुशबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात, त्यावर इथे लांबण लावत नाही. शाफ्ट धरून हलवला की बुश ढिला आहे की नाही ते हाताला कळतं, माझ्या हाताला तरी कळतं.

असेंब्ली बदलणाऱ्यांना मी कधी नावं ठेवलेली नाहीत. ज्याच्याकडे वेळ नाही, त्याने जरूर बदलावी. तुमची प्रतिक्रियाही मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त तो शब्द मागे घ्या.