रागावा, पण रांगेत या

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातून एक प्रौढांसाठीचा गेम गायब झाला, पैसे फिरवणाऱ्या कंपन्यांना तो चालत नाही म्हणून, आणि तुमचं डोकं फिरलं. अभिनंदन. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही अजून जिवंत आहात. पण नुसतं डोकं फिरवून घेणं हा हौशी माणसाचा उद्योग झाला. राग काढण्याचीही एक रीत असते, ती पुढे सांगितली आहे. मन लावून पाळलीत तर तुमचा राग कुणालाही, अगदी कुणालाही, इजा न करता पूर्णपणे जिरेल याची खात्री बाळगा.

सुरुवात दुकानापासून करा. ते सगळ्यात जवळ आहे, एवढं कारण पुरे. 'चाललो मी' असं जाहीर करा आणि खातं कायमचं बंद करण्याचा अर्ज टाका. पाकिटात पाचशे-सातशे रुपये शिल्लक असतील तर ते परत मिळत नाहीत, त्यामुळे त्यागाचं समाधानही पदरात पडतं. लायब्ररीतले चारशे गेमही जातील, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते तुमचे नव्हतेच. तुम्ही घेतला होता तो परवाना. कॅलिफोर्नियाच्या एका कायद्याच्या कृपेने ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम हे पैसे भरायच्या पानावर लिहूनच दाखवतं. अर्ज टाकल्यावर खातं पुसलं जायला ३० दिवस लागतात. सेल लागला की राग किती दिवस टिकतो याचा अंदाज दुकानाला तुमच्यापेक्षा चांगला आहे.

इतकं टोकाला जायचं नसेल तर नुकताच घेतलेला एखादा गेम परत करा. खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळणं दोन तासांच्या आत असावं, म्हणजे पैसे निमूट परत येतात. शिक्षा होते ती तो गेम बनवणाऱ्याला, ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही सर्वात सोपी, तीन क्लिकांत होणारी पद्धत.

त्याहून जहाल उपाय हवा असेल तर बँकेकडे जाऊन जुन्या खरेदीवर हरकत घ्या, म्हणजे चार्जबॅक. याचे दोन फायदे. पहिला, स्टीम तुमचं खातं तिथल्या तिथे अडकवून ठेवतं. दुसरा जास्त गोड आहे. ज्या दुकानावर चार्जबॅक जास्त, ते दुकान बँकांच्या हिशेबात 'जोखमीचं'. आणि जोखमीच्या दुकानाला बँका काय सांगतात? माल आवरा. म्हणजे सेन्सॉरशिपच्या निषेधार्थ तुम्ही सेन्सॉरच्याच हाती नवी छडी दिलीत. इतकी नेमकी सेवा पगारी माणसालाही जमत नाही.

आता थोडा घटनाक्रम पाठ करा. चिडलेल्या माणसाला तारखा मुखोद्गत असल्या की समोरचा लवकर कंटाळतो. 'कलेक्टिव्ह शाउट' नावाची ऑस्ट्रेलियातली एक संघटना आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिने 'नो मर्सी' नावाच्या गेमविरुद्ध मोहीम चालवली आणि तो गेम स्टीमवरून गेला. त्याच्यासाठी कुणी अश्रू ढाळावेत असा तो नव्हताच, बलात्काराची करमणूक करणारा प्रकार होता. पण संघटनेचं म्हणणं असं की असल्या इतर गेमविषयी त्यांनी महिनोन्‌महिने स्टीमकडे तक्रारी केल्या आणि स्टीमने उत्तरच दिलं नाही. मग त्यांनी दुकानाचं दार वाजवणं सोडलं आणि गल्ल्याकडे मोर्चा वळवला. ११ जुलैला पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा, डिस्कव्हर, जेसीबी आणि पेसेफ या कार्ड आणि पेमेंट कंपन्यांच्या वरिष्ठांना खुलं पत्र गेलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे ऑस्ट्रेलियातही खरं निघालं. आठवडाभरात स्टीमच्या नियमांत एक नवं कलम उगवलं आणि शेकडो गेम गेले.

ते कलम वाचाच. पेमेंट प्रोसेसर (दुकानाचे ऑनलाइन पैसे हाताळणारे मध्यस्थ), त्यांच्याशी जोडलेली कार्ड नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) आणि बँका, झालंच तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या, यांच्या नियमांचा भंग करू शकेल असा मजकूर चालणार नाही, विशेषतः काही प्रकारचा प्रौढांसाठीचा मजकूर. 'काही प्रकारचा' म्हणजे कुठला? ते लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर गेम बनवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळलं असतं, आणि मग नियमाचा धाक तो काय राहिला! घराच्या दारावर 'काही प्रकारच्या पाहुण्यांना मज्जाव' अशी पाटी लावून बघा. शेजारीपाजारी आपणहूनच यायचे थांबतील, तुम्हाला कुणाला हाकलावं लागणार नाही.

दुकानाने मान तुकवली म्हणून तुम्ही दुकानावर चिडला होतात. आता पुढच्या खिडकीवर चला. कार्डाने ४९९ रुपये भरता तेव्हा पैसे सरळ दुकानात जात नाहीत. तुमची बँक, तिच्यापुढे कार्ड नेटवर्क, नेटवर्कच्या पलीकडे दुकानाच्या बाजूची बँक, तिच्या आणि दुकानाच्या मध्ये पेमेंट प्रोसेसर, अशी ती साखळी. यात प्रत्येकाचा करार फक्त शेजारच्याशी असतो. नेटवर्क दुकानाशी बोलत नाही, ते बँकेशी बोलतं, बँक प्रोसेसरशी, प्रोसेसर दुकानाशी. तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी ज्याने दोन दिवस घालवलेत त्याला ही रचना समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे कुणी चहा प्यायला गेलेलं नसतं. सगळे जागेवर असतात आणि सगळे खरं बोलतात.

खरंच खरं बोलतात. १ ऑगस्टला मास्टरकार्डने निवेदन काढलं की आम्ही कुठल्याही गेमचं मूल्यमापन केलेलं नाही, गेमच्या दुकानांवर कसली बंधनं घालायला सांगितलेलं नाही, कायदेशीर असेल ती प्रत्येक खरेदी आमच्या नेटवर्कवर चालते. त्यावर स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह म्हणाली की मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, आम्ही विनंती करूनही. ते बोललं प्रोसेसर आणि बँकांशी. आम्ही प्रोसेसरना सांगितलं की कायदेशीर असेल ते विकायचं हे आमचं २०१८ पासूनचं धोरण आहे. त्यांनी ते फेटाळलं आणि मास्टरकार्डच्या ५.१२.७ क्रमांकाच्या नियमावर बोट ठेवलं.

हा नियम कापून कपाटावर चिकटवण्याजोगा आहे. त्याचा आशय असा: बेकायदा असलेला, किंवा कंपनीच्या एकट्या मर्जीनुसार तिच्या नावलौकिकाला बाधा आणू शकेल असा, कुठलाही व्यवहार दुकानाने बँकेकडे पाठवू नये. पुढे उघडउघड आक्षेपार्ह आणि गंभीर कलामूल्य नसलेल्या मालाचाही उल्लेख आहे. आता त्यातला 'किंवा' शोधा. निवेदनात जो मिरवतो तो 'बेकायदा', हा झाला दाखवायचा दात. खायचा दात म्हणजे तो 'किंवा'. कायद्याला चालणारी वस्तूही कुणाच्या तरी मर्जीला चालली नाही की संपलं, आणि ती मर्जी बोलून दाखवावी लागत नाही, बँकेने ती ओळखायची. चुकीची ओळखली तर दंड. फारच चुकली आणि खातं बंद झालं, तर दुकानाचं नाव 'मॅच' नावाच्या काळ्या यादीत जातं, ते पाच वर्षं तिथेच. त्या यादीतल्या दुकानाला दुसरी बँक सहसा दारात उभं करत नाही. दुकानं इतकी पटकन का वाकतात, हे कोडं इथे सुटतं. अर्थात तुम्ही ते सुटू देऊ नका, नाहीतर दुकानावरचा राग कमी होईल.

व्हिसाची बाजूही ऐकून घ्या. कायदेशीर खरेदीबद्दल आम्ही नैतिक निवाडे करत नाही, कोणी कोणती वस्तू घेतली हे आम्हाला दिसतसुद्धा नाही, असं त्यांचं म्हणणं. तेही बरोबर. कार्डाच्या व्यवहारात रक्कम, दुकानाचं नाव आणि धंद्याचा चार आकडी कोड जातो. डिजिटल खेळांसाठी तो ५८१६. तुम्ही शेतीचा गेम घेतलात की शेजवरचा, वर ५८१६च दिसतं. आंधळ्याने हत्ती न चाचपता त्याला गावाबाहेर काढायला लावला, अशी ही गोष्ट.

दुकान छोटं असेल तर काय होतं, हे इच.आयओ या गेमच्या दुकानात बघा. जुलैच्या २३-२४ तारखेला त्यांनी प्रौढांसाठीची सगळी पानं शोधयादीतून काढली, एका फटक्यात आणि बनवणाऱ्यांना आधी न कळवता. पुष्कळ पानं जागेवरच होती, थेट दुवा असला तर उघडायची, फक्त शोधून सापडायची नाहीत. घर आहे, दार आहे, पत्ता मात्र गावाच्या नकाशावरून खोडलेला. आणि कोण खोडले गेले? ज्यांनी आपल्या गेमवर 'प्रौढांसाठी' अशी खूण स्वतःच्या हाताने, इमानदारीत केली होती ते. खूण न करणारे लबाड तेवढे वाचले. नव्याने गेम बनवणाऱ्यांनी यातून घ्यायचा तो धडा घ्यावा. ३१ जुलैपासून फुकट असलेली पानं यादीत परत येऊ लागली. म्हणजे आक्षेप गेममधल्या दृश्यांना नव्हता, त्यांच्या बिलाला होता.

त्याच महिन्यात स्टीमने 'व्हाइल: एक्झ्यूम्ड' नावाचा भयगेम नाकारला. कारण दिलं, खऱ्या माणसांचं लैंगिक चित्रण. निर्मातीचं म्हणणं, त्यात तसं काही नाहीच. गेम आहे एका अभिनेत्रीच्या नादाने पछाडलेल्या पुरुषाबद्दल, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या फायली उघडत तो उलगडतो. पुरुषी विकृतीचं पोस्टमॉर्टेम करणारा गेम अश्लील म्हणून बाहेर. निर्मातीने तो फुकट वाटला आणि येणाऱ्या देणग्यांतला निम्मा वाटा टोरांटोतल्या एका निवारागृहाला द्यायचं ठरवलं. निषेध करायचाच तर असा, पण त्याला डोकं लागतं, म्हणून आपल्या पायऱ्यांत तो बसत नाही.

इथे पुण्यातला किंवा नाशकातला वाचक म्हणेल, 'आम्ही यूपीआयने भरतो, आम्हाला काय?' बरोबर. स्टीम रुपयांत किंमत लावतं, यूपीआय चालतं, रुपे चालतं. तुमच्या ४९९ रुपयांनी मास्टरकार्डचा उंबरा ओलांडलेलाच नसतो. पण गेम काढला जातो तो दुकानातून, अख्ख्या जगासाठी. एखाद्या देशापुरता माल झाकायची सोय स्टीमकडे आहे, जर्मनीत प्रौढांचे गेम ते तसेच झाकतं. पैसे कशाने भरले यावर माल दाखवायचा मात्र रिवाज नाही. म्हणजे सोसायटीतल्या एका भाडेकरूचा मालक कडक, म्हणून लिफ्ट सगळ्यांचीच बंद. सिंगापुरातल्या मराठी माणसाला तर आणखी एक धक्का होता. जुलैच्या सुरुवातीला पेपालच्या एका बँकेने स्टीमचे व्यवहारच थांबवले, आणि युरो, पाउंड, येन आणि अमेरिकी, कॅनडियन, ऑस्ट्रेलियन डॉलर सोडले तर बाकी चलनांत स्टीमवर पेपाल बंद झालं. व्हॉल्व्हच्या म्हणण्याप्रमाणे कारण तेच, स्टीमवरचा मजकूर. म्हणजे ज्याला फक्त क्रिकेटचा गेम घ्यायचा होता तोही बाहेर.

आता शेवटची पायरी, फोन. त्या जुलै-ऑगस्टमध्ये जगभरच्या खेळाडूंनी कार्ड कंपन्यांच्या फोनलाइनी अडवून ठेवल्या होत्या, आणि त्यातले जाणते काय करत होते ते ऐका, म्हणजे तुम्हाला नेमकं त्याच्या उलट वागता येईल. ते शांत बोलत. होल्डवर टाकलं तर थांबत. वरिष्ठाशी बोलायचंय म्हणत, तक्रारीचा क्रमांक मागून घेत, वर कागदावर पत्रही पाठवत, कारण ते कुणीतरी फोडून वाचावंच लागतं. तुम्ही चढ्या आवाजात सुरुवात करा आणि दुसऱ्या मिनिटाला शिवी द्या. शिवी आली की कॉल तोडायची मुभा समोरच्याला असते. दोन मिनिटांत निकाल लागलेला कॉल त्याच्या दिवसाच्या सरासरीत छान दिसतो.

फोन कुठे लावायचा? कार्डाच्या मागे नंबर असतो, तो लावा. तो कार्ड नेटवर्कचा नसतो, तुमच्या स्वतःच्या बँकेचा असतो, हे कळायला साधारण वीस मिनिटं लागतात. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, मग व्यवहार फसला असेल तर एक, पैसे दोनदा कापले गेले असतील तर दोन. 'दुकानात वस्तूच ठेवू दिली नाही' याला बटण नाही. शेवटी माणूस भेटतो आणि नम्रपणे विचारतो, "सर, ट्रान्झॅक्शन फेल झालं का?" नाही झालं. "अमाउंट कट झाली का?" नाही झाली. "मग ट्रान्झॅक्शन आयडी सांगता का?" आणि तो तुमच्याकडे नसतो. विकत घ्यायला वस्तूच नव्हती, तर व्यवहार कसला आणि त्याचा क्रमांक कसला! आयडीशिवाय तक्रार नोंदवली जात नाही.

तरीही हट्ट धरलात तर 'इतर' या सदरात एक क्रमांक मिळेल. ३० दिवस वाट बघा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे बँकेच्या सेवेत त्रुटी काय राहिली ते दाखवावं लागतं. तुमच्या बँकेने तर काहीच केलेलं नाही.

फोन ठेवल्यावर मेसेज येईल: आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या संवादाला एक ते पाचपैकी किती गुण द्याल? पोरगा खरंच नम्र होता, त्याच्या पगाराचा प्रश्न आहे, म्हणून तुम्ही पाच दाबाल. महिनाअखेरीच्या अहवालात तुमची नोंद समाधानी ग्राहकांत होईल.