परदेशी शिकवायला निघालेल्या मुलीला धीर कसा द्यावा

तुमच्या नात्यात, सोसायटीत, गेला बाजार व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी मुलगी परदेशात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला निघाली आहे का? पहिलीच वेळ आहे? पोटात गोळा आलाय? मग तिला एकटीला सोडू नका. तो गोळा नीट वाढेपर्यंत तिच्या अवतीभोवती राहणं हे आपलं कर्तव्य आहे. मी स्वतः पुढच्या आठवड्यात व्हिएतनामला, हनोईला निघाले आहे आणि गेल्या रविवारी वारज्याच्या आमच्या घरी माझं एक प्रकारचं केळवणच झालं. नवरदेव नव्हता, त्यामुळे त्याच्या वाटचे प्रश्नही मलाच आले. तेव्हा खालचे सगळे सल्ले अनुभवाचे आहेत.

बातमी कळल्यावर पहिलं वाक्य असं असावं : ‘इंग्रजी शिकवायला? तू?’ यातल्या ‘तू’वर नीट जोर द्या. अभिनंदन काय, मठ्ठा वाढतानाही करता येतं.

पगार विचारा. तिनं रुपयांत करून सांगितला की नुसतं ‘हं’ म्हणा आणि आयटीतल्या जावयाकडे बघा.

व्हिएतनाम म्हटलं की आधी युद्ध काढा. ते १९७५ साली संपलं ही बातमी आपल्या मजल्यावर अजून पोचलेली नाही. त्यानंतर ‘तिकडे काय काय खातात’ हा विषय घ्या. समोरच्याच्या तोंडात पुरणपोळीचा घास असेल तर उत्तमच.

सामानाच्या वजनाची काळजी तिला करू द्या. तुम्ही फक्त चकलीचा डबा पुढे करा. ‘सिंगापूरला आमची भाची असते, जवळच आहे तुला.’ पुण्याहून श्रीनगर जेवढं लांब, त्याहून हनोईपासून सिंगापूर लांब आहे. पण नकाशा बघून कुणी चकल्या तळत नाही.

मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन पोलीस क्लिअरन्स, मग मंत्रालय, मग दिल्ली, मग वकिलात असे शिक्के गोळा करून ती दमून बसली की हळूच सांगा, ‘अगं, माझा एक ओळखीचा होता तिथे. आधी नाही का सांगायचं?’

आता मुख्य मुद्दा. तिची परीक्षा घ्या. जेवणं झाली की सगळ्यांदेखत म्हणा, ‘चल, आम्ही तुझी मुलं. शिकव बघू.’ आमच्या काकांनी हेच केलं. मी लॅमिनेट करून आणलेली चित्रांची कार्डं काढली, छत्रीचं कार्ड वर धरलं, आणि तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, ‘आधी ॲन का लागतं ते सांग. व्हॉवेलचा नियम सांग.’ तो सांगावा तर पुढचा प्रश्न तयार : ‘आणि प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस कसं शिकवणार तू त्यांना?’

सहा वर्षांच्या मुलांना! ज्यांना अजून दात पडल्याचं कौतुक आहे, त्यांना प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस! काका पाचवीपासून इंग्रजी शिकले. त्यांच्या वेळी पाचवीपासूनच असायचं, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. बाराच्या बारा काळ त्यांना आजही पाठ आहेत. आणि बँकेत कस्टमर केअरचा फोन लावला की पलीकडून इंग्रजी ऐकू येताच फोन माझ्या हातात देतात. हा नियमांचा डोंगर त्यांच्या उरावर कुणी ठेवला, त्याचा काय उपयोग झाला, हे एकदाही मनात न येता तोच डोंगर आता हनोईच्या पोरांवर ठेवायचा सल्ला मला! लहान मुलांना भाषा कानानं आणि अंगानं येते. ‘उडी मार’ म्हणत आपण उडी मारायची, ‘नाकाला हात लाव’ म्हणत नाकाला हात लावायचा, तेच गाणं रोज म्हणायचं, आपण कमी बोलायचं आणि त्यांना जास्त बोलू द्यायचं. मी हे वाचलंय, त्याचा १२० तासांचा कोर्स केलाय. त्या कोर्समध्ये एकही खरं मूल नव्हतं. सगळी मोठी माणसं एकमेकांसमोर मुलं होऊन शहाण्यासारखी बसली होती. म्हणून तर भीती वाटते ना! ते कुणी विचारेल तर शपथ.

विचारलं काय? तर आत्या म्हणाल्या, ‘पण त्यांना गोरे लोक मिळत नाहीत का?’

आत्या, हे पुणं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी इथे १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं. तेव्हापासून या गावात इंग्रजी शिकवणारे आपलेच मास्तर आणि आपल्याच बाई. तुमच्या नातवाला ‘मे आय कम इन’ म्हणायला शिकवणाऱ्या बाई धनकवडीहून बस बदलत येतात. त्यांच्या उच्चारांची चौकशी तुम्ही कधी केलीत? फी मात्र तीन हप्त्यांत भरलीत, आणि पोरगं इंग्रजीत कविता म्हणतं म्हणून पाहुण्यांसमोर खुर्चीवर उभं केलंत. गोऱ्यांचा हट्ट धरणारे बाहेर काय कमी आहेत? दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा ठरावीक सात देशांच्या लोकांनाच मिळतो. त्यात भारत नाही. जाहिराती बघाव्यात तर निम्म्यांत ‘नेटिव्ह’च, म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणाराच हवा. एका एजन्सीच्या माणसानं मला फोनवर सांगितलं, ‘मॅडम, फोटो जरा उजळ पाठवा.’ शिकवण्याबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. हे सगळं ओलांडून मला नोकरी मिळाली, आणि तो माणूस बोलला तेच तुम्ही माझ्या घरात, माझ्या आईच्या हातची पोळी खात बोलता?

मला भीती कशाची वाटते ते सांगू? ५ सप्टेंबरला तिथे शाळा सुरू होतात. आपल्याकडे त्या दिवशी शिक्षक दिन असतो, मुलं फुलं देतात. तिथे मी हजेरी घ्यायला उभी राहीन. त्यांच्या भाषेत सहा सूर आहेत. नावाचा सूर चुकला की नाव बदललं. पहिल्याच मिनिटाला तीस पोरं माझ्यावर हसली तर? ती शब्दाचा शेवटचा आवाज गिळतात. राइस, राइट आणि राइड तिन्ही ‘राय’ होतात. पोरगं भात मागतंय की आणखी काही, हे मला कळलं नाही तर? एखादं रडायला लागलं आणि मदतनीस बाई नेमक्या बाहेर गेलेल्या असल्या तर? मी ‘सिट डाउन’ म्हटलं आणि कुणीच बसलं नाही तर? यातलं एक तरी विचारायचं होतंत. ‘पहिला तास काय घेणार आहेस’ एवढे पाच शब्द. तेवढेही सुचले नाहीत कुणाला.

त्या दिवशी कामाचं माणूस एकच होतं, पहिलीतली आमची चिनू. ती खाली सतरंजीवर बसून माझ्याबरोबर नाकाला हात लावत होती, कानाला लावत होती. चौथ्या कार्डाला तिनं जांभई दिली आणि म्हणाली, ‘ताई, हे बोअर आहे. कार्डं भिंतीला चिकटव, आम्ही पळत जाऊन हात लावतो.’ इतका नेमका सल्ला मला कोर्समध्येही मिळाला नव्हता. मी चिकटपट्टी शोधायला उठले, तर काका तिच्यावर खेकसले, ‘ए, आत जाऊन खेळ. मोठी माणसं बोलतायत.’

काय बोलत होती हो मोठी माणसं?